टिटवीची फुटकी खिडकी

दुपारी साडेतीन म्हणजे चष्म्याच्या दुकानातली सगळ्यात सुस्त वेळ. बाहेर पावसाची रिपरिप चालली होती. ती एका आजोबांच्या चष्म्याची वाकडी दांडी सरळ करत बसली होती, तेवढ्यात दार ढकलून तो आत आला. उंच, जरा वाकून चालणारा, केसांत कसलातरी पांढरा भुसा आणि बोटाबोटांवर वाळलेला डिंक.

‘डोळे तपासायचेत?’ तिनं विचारलं.

‘हो… म्हणजे, तपासले तरी चालतील.’

आठ वर्षांच्या नोकरीत असं उत्तर तिनं ऐकलं नव्हतं. तिनं त्याला आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, नाकावर तपासणीची जाडजूड फ्रेम चढवली आणि एकेक भिंग सरकवायला लागली.

‘हे बरं दिसतं, की हे?’

‘दोन्ही बरी दिसतात.’

‘दोन्ही कशी बरी दिसतील? एक निवडा.’

‘मग पहिलं… थांबा, दुसरं. पहिल्याला तुम्ही रागावलेल्या दिसत होतात.’

ती रागावली नव्हती. पण आता हसू दाबताना तिला भिंगांचा डबा जरा उगाचच हलवावा लागला. त्यानं तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. वर तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. ते तिला स्वतःला कधी वाचता आलं नव्हतं.

‘तुमचे डोळे ठणठणीत आहेत,’ ती म्हणाली. ‘चष्मा कशाला हवाय?’

‘चष्मा नकोय. भिंगं हवीत. चुकलेली, चरा पडलेली, अशी निघत असतील ना तुमच्याकडे? टाकूनच देता ना ती?’

‘मग डोळे कशाला तपासून घेतलेत?’

‘आल्या आल्या भंगार मागणं बरं दिसेना.’

‘आणि भिंगांचं करणार काय?’

तो क्षणभर घुटमळला. ‘खिडक्या करायच्यात. घराला नाही… यानाला. अंतराळयान आहे, साडेसात फूट लांब.’ आणि मग, ती हसायच्या आत सगळं उरकून टाकावं तसा भरभर बोलत सुटला. ‘मी मॉडेलं बनवतो. सिनेमाला, जाहिरातींना लागतात तशी. एक जुनी मालिका होती, ती आता नव्यानं करताहेत. बाकी सगळं कॉम्प्युटरवर होणार आहे, पण आमच्या दिग्दर्शक बाई म्हणाल्या, यान खरंखुरं हवं. तुम्हाला आठवत नसेल, ‘ध्रुवापलीकडे’ नावाची—’

तिच्या हातातलं भिंग डब्यात टणकन पडलं.

‘टिटवी,’ ती म्हणाली.

तो बघतच राहिला. टिटवी हे त्या यानाचं नाव होतं.

तेवीस वर्षांपूर्वी, दर रविवारी सकाळी दहा वाजता, तिच्या घरासमोरचा रस्ता ओस पडायचा. पडद्यावर आधी नुसता काळोख. मग काळोखात एक ठिपका. ठिपका मोठा होत होत डोक्यावरून जायला लागायचा, आणि जातच राहायचा… तिचं पोट, तिचे पंख, तिच्या पिवळ्या खिडक्यांची रांग. आठ वर्षांची ती पोर तोंड उघडं टाकून खाली जमिनीवर बसलेली असायची आणि टिटवी पूर्ण निघून जाईपर्यंत श्वास घ्यायला विसरायची. माणसं एवढं मोठं काही बनवू शकतात आणि एवढ्या लांब जाऊ शकतात, यानं तिची छाती भरून यायची. इतक्या वर्षांनी, दुकानातल्या त्या अंधाऱ्या खोलीतही ती तशीच भरून आली.

‘वर एकवीस खिडक्या, खाली चौदा,’ ती हळूच म्हणाली. ‘आणि डावीकडची तिसरी फुटकी.’

‘फुटकी?’

‘उल्का लागते ना, पाचव्या भागात. नंतर शेवटपर्यंत ती तशीच राहते. दुरुस्त करू का म्हणून विचारतात, तर कप्तान म्हणतो, राहू दे. जखम दिसली की माणूस जपून चालवतो.’

तो खुर्चीतून उठला, तर फ्रेम अजून नाकावरच होती. ‘तुम्हाला पाचवा भाग आठवतो?’

‘सगळे सव्वीस आठवतात.’

‘अहो, पहिले चार सोडले तर बाकीचे जगात कुठे उरलेलेच नाहीत. त्या वेळी टेपा महाग असायच्या. त्याच टेपांवर दुसरे कार्यक्रम रेकॉर्ड केले त्यांनी. जुन्या मंडळींपैकी जी आहेत त्यांना धड कथाही आठवत नाही, खिडक्या तर सोडाच.’ तो थांबला. ‘मी स्वतः सगळे मिळून पाचच भाग पाहिलेत. मी वसतिगृहात होतो. आठवडाभर नीट वागलं तरच रविवारी टीव्ही.’

‘आणि तुम्ही नीट वागायचा नाहीत.’

‘पाच वेळा वागलो,’ तो म्हणाला. आणि या खेपेला तिला हसू दाबता आलं नाही.

*

पुढच्या रविवारी ती भिंगांची पिशवी घेऊन त्याच्या कार्यशाळेत गेली. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड होती. पत्र्यावर पाऊस तडतडत होता, आत लाकडाचा आणि रंगाचा वास भरला होता. मधोमध दोन लाकडी घोड्यांवर ती उभी होती. अर्धीच झालेली, करड्या रंगाची, पोटातल्या वायरी लोंबत असलेली टिटवी.

जवळ गेल्यावर तिला कळलं, टिटवीच्या पाठीवरच्या नळ्या म्हणजे पेनांची टोपणं होती. इंजिनांच्या जागी चहाच्या गाळण्या होत्या. पोटाखालच्या जाळीत कंगव्याचे दात बसवले होते.

‘गाळणी आहे ही,’ ती म्हणाली. आवाजात थोडी निराशा होतीच.

‘इथून नका बघू.’ त्यानं तिला रुळांवरच्या एका छोट्या गाडीवर, कॅमेऱ्यामागे उभं केलं, दिवे घालवले, एकच दिवा लांब कोपऱ्यात लावला. ‘आता डोळा लावा. आणि काहीही झालं तरी हलू नका.’

रुळांवरची गाडी त्यानं बोटभर, बोटभर पुढे ढकलली.

आधी नुसता काळोख होता. मग काळोखातून एक कडा उजळली… आणि टिटवी तिच्या डोक्यावरून जायला लागली. गाळणी नाही, टोपण नाही, कंगवा नाही. मैल मैल लांबीचं, शांत, प्रचंड असं काहीतरी, ज्याच्या आत माणसं जागी होती. तिनं श्वास घेतला नाही. तो गाडी ढकलायचा थांबल्यावरही ती डोळा लावून तशीच उभी होती.

‘काय झालं?’ त्यानं अंधारातून विचारलं.

‘काही नाही. मला वाटलं होतं, ते संपलं.’

त्यानं लगेच दिवा लावला नाही. तेवढ्यासाठी ती त्याची पुढे बरेच दिवस आभारी राहिली.

*

मग दर रविवारी ती जायला लागली. तो कापायचा, घासायचा, चिकटवायचा. ती स्टुलावर बसून गोष्ट सांगायची. पाचवा भाग, सहावा भाग… तो मध्येच हात पुसून वहीत टिपून घ्यायचा आणि वही दिग्दर्शक बाईंकडे जायची.

‘पण तुम्हाला इतकं कसं आठवतं?’ एकदा त्यानं विचारलं.

‘माझी आई नर्स होती. रविवारी तिची हटकून सकाळपाळी असायची. बाबा नव्हते, मी शेजारच्या काकूंकडे बसून मालिका बघायचे. दुपारी आई आली, की ती पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि मी तिला अख्खा भाग करून दाखवायचे. कप्तान मी, यानावरची डॉक्टरीण मी, उल्कासुद्धा मीच.’

‘उल्का करून दाखवा ना.’

‘अजिबात नाही.’

‘शास्त्रीय कामासाठी लागतेय.’

‘तुमच्या शास्त्राचं तुम्ही बघा,’ ती म्हणाली. पण पुढच्या रविवारी तिनं उल्का करून दाखवली, आणि तो हसता हसता डिंकाच्या डब्यावर बसला.

फुटक्या खिडकीला त्यांची अख्खी दुपार गेली. ती चिमट्यात भिंग धरायची, तो छोट्या हातोडीनं टिचकी मारायचा. कधी भिंगावर नुसताच चरा पडायचा, कधी भुगा व्हायचा. अकराव्या भिंगाला मधोमध नाजूक तडे उमटले, कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि मागून दिवा लावल्यावर त्या तड्यांतून उजेड असा फुटला की दोघंही पुढे वाकले. त्यांची डोकी जवळजवळ टेकली होती. कुणीच बाजूला झालं नाही… तो एवढंच म्हणाला, ‘हीच.’

आणि ‘अहो’ गळून पडलं ते त्याच आठवड्यात. टिटवीचा डावा पंख घोड्यावरून निसटला आणि तो ओरडला, ‘धर, धर, सोडू नकोस.’ तिनं धरला. पंख जागेवर बसल्यावर तो ओशाळला.

‘माफ करा, घाईत एकदम… नकोस वगैरे म्हणालो.’

‘आता म्हणालास ना,’ ती म्हणाली, ‘तर राहू दे.’

दिग्दर्शक बाईंना ती खिडकी इतकी आवडली, की नव्या मालिकेचा पहिला भागच त्यांनी तिच्यापासून सुरू करायचं ठरवलं.

*

आणि मग टेपा सापडल्या.

त्या जुन्या मालिकेच्या कॅमेरामनच्या मुलीला माळ्यावर एक पेटी मिळाली. आत दोन टेपा होत्या, एकोणिसावा भाग आणि सव्विसावा, शेवटचा. दिग्दर्शक बाईंनी सगळ्यांना सकाळी त्यांच्या कचेरीत बोलावलं. तिलाही. ती नवी साडी नेसून गेली, लग्नाला निघाल्यासारखी.

पडद्यावर काळोख आला, ठिपका आला. तिनं नकळत त्याच्या बाहीचं टोक धरलं. टिटवी डोक्यावरून जायला लागली. पोट, पंख, खिडक्या. एक, दोन, तीन. चार.

तिसरी खिडकी धड होती.

कुणीतरी टेप मागे घेतली. पुन्हा लावली. खिडकी धडच होती, बाकीच्या चौतीस खिडक्यांसारखी. दिग्दर्शक बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग शेवटचा भाग लागला. बर्फाच्या ग्रहावर डॉक्टरीण एकटी मागे राहते. टिटवी तिच्यासाठी परत येते, असं तिनं सांगितलं होतं. वहीत तसंच लिहिलेलं होतं. पडद्यावर दार बंद झालं. टिटवी उडाली. बर्फात उभी असलेली डॉक्टरीण लहान लहान होत गेली, आणि नावं सुरू झाली.

तिचे कान तापले. तिला तर लख्ख आठवत होतं. कप्तानाचं वाक्यन्‌ वाक्य आठवत होतं. हे सगळं आलं कुठून? दिवे लागायच्या आत ती उठली आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडली.

*

आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. लेकीचं सगळं ऐकून घेताना तिचा हात थांबला नाही. शेवटी तिनं एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, ‘अगं, ती काच तू फोडलीस.’

‘मी?’

‘आपल्या पुढच्या खोलीची. चेंडूनं. त्या रविवारी मी घरी आले तर खाली काचांचा सडा, आणि तू सांगायला लागलीस की आज टिटवीच्या खिडकीला उल्का लागली, आणि त्या उल्केचाच एक तुकडा इकडे आला.’ आई हसायला लागली. ‘मग दर आठवड्याला तुला ती फुटकी खिडकी गोष्टीत ठेवावी लागायची. नाहीतर मी विचारलं असतं ना.’

‘तुला माहीत होतं?’

‘आमच्या वॉर्डात टीव्ही नव्हता का? पेशंट मोठ्यानं लावून बसायचे. इंजेक्शनं देता देता अर्धीअधिक मालिका मी उभ्यानं पाहिलीय.’

ती समोरच्या स्टुलावर मटकन बसली. ‘मग मला कधी म्हणाली का नाहीस?’

आईचा हात आता थांबला. ‘शेवटचा भाग लागला त्या दिवशी आमच्याकडे एक बाई गेली. तुझ्याएवढी मुलगी होती तिला. मी बाहेर येऊन उभी राहिले, तर समोर टीव्हीवर ते त्या डॉक्टरणीला सोडून निघालेले. मला काही ते बघवेना. घरी आले, तर तू दारातच. म्हणालीस, आई, ते तिला न्यायला परत आले. यान वळवून आले. कप्तान म्हणाला, आपल्या माणसाला टाकून पुढे जायचं असेल तर मग पुढे आहे तरी काय…’ आईनं शेंगा बाजूला सारल्या. ‘मी काय सांगणार होते तुला? पाय पाण्यात सोडून ऐकत बसले. आणि खरं सांगू? मला तुझंच पटलं. अजून पटतं.’

मग तिला तो दिवस आठवला. आईचे सुजलेले पाय, पांढऱ्या गणवेशाची चुरगळलेली कड, आणि आपल्याला वाटलेली एक भीती, की कुठल्यातरी रविवारी आईलाही कुणीतरी तिकडेच सोडून येईल. गोष्ट बदलली होती ती या भीतीनं. तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिशी उलटल्यावर असं कुणी करत नाही, पण तिनं केलं.

*

तीन दिवस तिनं त्याचा फोन घेतला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी दाराची घंटी वाजली. आईनं दार उघडलं आणि आत येऊन शांतपणे सांगितलं, ‘तो जहाजवाला आलाय. नखशिखांत भिजलाय. चहा टाकू की वाटेला लावू?’

‘चहा टाका,’ दारातून त्याचंच उत्तर आलं.

तो दारात पायपुसण्यावर उभा होता, पाणी निथळत. ती आल्यावर त्यानं खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. अख्खं भिंग होतं.

‘बाई म्हणाल्या, खिडकी नीट करून टाक. केली. मग कॅमेऱ्याला डोळा लावला…’ तो अडखळला. ‘नाही गं. नुसतं मॉडेल दिसायला लागलं. गाळण्या दिसायला लागल्या. काढून टाकलं मी हे. बाईंना सांगितलं, मला नाही जमणार.’

‘वेडा आहेस का? काम जाईल तुझं. मालिकेत नव्हतीच ती खिडकी. मी केली. आठ वर्षांची असताना आईला मारलेली थाप आहे ती.’

‘हेच बाईंना येऊन सांग. त्यांना ऐकायचंय.’

‘त्या रागावल्यात?’

‘माहीत नाही. त्यांचा चेहरा मला कधी कळतच नाही.’ मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, ‘आणि खिडकीचं मला एवढं काही नाही. तू तीन दिवस बोलली नाहीस… त्याचं आहे.’

आतून कपांचा आवाज यायचा एकदम थांबला. आई कान देऊन ऐकत होती, हे दोघांनाही समजलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दिग्दर्शक बाईंसमोर बसून सगळं सांगितलं. चेंडू, काच, वॉर्ड, बर्फ. काही लपवलं नाही. बाई पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत ऐकत होत्या.

‘मी तुम्हाला फसवलं,’ ती शेवटी म्हणाली. ‘मुद्दाम नाही, पण फसवलं.’

‘मी तेव्हा दहा वर्षांची होते,’ बाई म्हणाल्या. ‘शेवटचा भाग संपल्यावर जेवले नव्हते. ही मालिका पुन्हा करायला मी घेतली ती का, माहितीय? त्या डॉक्टरणीला तिथून उचलायचं होतं मला. कसं उचलायचं ते गेली चार वर्षं सुचत नव्हतं.’ त्यांनी कोरी वही पुढे ओढली. ‘टिटवी वळते कशी, ते नीट सांगा. सावकाश. मी लिहून घेते.’

ती सांगायला लागली. सुरुवातीला आवाज कापत होता. मग कापायचा थांबला.

*

यान वळण्याचा प्रसंग महिन्याभरानं चित्रित झाला, एका लख्ख सकाळी, शेडच्या सगळ्या फटी काळ्या कापडानं बंद करून. आईला कॅमेऱ्याशेजारी खुर्ची दिली होती. ती चांगलं पातळ नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. आत पंधरा-वीस माणसं होती. दिवे गेले.

तो टिटवीपाशी गुडघ्यांवर बसला होता. हे वळण यंत्रावर सोपवायला त्यानं साफ नकार दिला होता. त्यानं दोन्ही हातांनी टिटवी वळवायचं चाक धरलं आणि फिरवायला लागला. इतकं सावकाश, की काही हलतंय हेच आधी कळेना. मग लांबवरच्या दिव्याचा उजेड टिटवीच्या नाकावर आला, पाठीवर आला, पंखावर चढला. एवढं मोठं, एवढं दूर गेलेलं यान एका माणसासाठी वळत होतं. खिडक्या एकेक करून समोर आल्या. पहिली. दुसरी. तिसरीतून उजेड तडकून सगळीकडे फाकला, आणि अंधारात कुणाचातरी श्वास अडकल्याचा आवाज आला. तो आईचा होता.

लेक मात्र टिटवीकडे बघत नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती. त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि तो पुसायला त्यानं हात सोडला नव्हता. चार मिनिटं तो चाक फिरवत होता. लहानपणी टिटवी बघताना छाती भरून यायची, तशी आता या माणसाकडे बघताना आली. तिला जरा भीतीच वाटली. एवढं मोठं काहीतरी आपल्या इतक्या जवळ येऊन उभं राहिलंय, आणि आपण मात्र रविवार मोजत बसलोय.

‘झालं,’ बाई म्हणाल्या. दिवे लागले. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणाला सुचलंच नाही. आई डोळे पुसत बाईंना सांगत होती, की अगदी असंच होतं, आमच्या हिनं दाखवलं होतं तेव्हाही अगदी असंच वळलं होतं.

तो उठला, मुंग्या आलेला पाय झटकत तिच्यापाशी आला.

‘संपलं काम,’ तो म्हणाला. ‘रविवारी यायला आता कारण उरलं नाही तुला.’

‘नाही ना.’

‘मी विचार करत होतो… एखादं नवीन कारण काढावं. छोटंसं मॉडेल वगैरे. खिडक्या जास्त असलेलं.’

‘नको.’

त्याचा चेहरा पडला. ती पुढे झाली, आणि सगळ्यांदेखत, आईदेखत, त्याचा रंगानं बरबटलेला हात तिनं हातात घेतला.

‘कारणांचा कंटाळा आलाय मला,’ ती म्हणाली. ‘मला तू हवायस. रविवारी, आणि मधल्या दिवशीही. चालेल?’

त्यानं नुसती मान हलवली. एकदा, मग घाईनं आणखी दोनदा, तिला कळलं नसेल तर म्हणून.

‘अहो, चालेल म्हणून सांगा तोंडानं,’ मागून आई म्हणाली. ‘पोर केव्हाची उभी आहे.’

‘चालेल,’ तो म्हणाला.